घरातील दूरचित्रवाणी संचाचा आवाज : निवड आणि मांडणी



आजच्या व्याख्यानाचा विषय काहीसा किरकोळ वाटण्याचा संभव आहे. दूरचित्रवाणी संचाला जोडण्यासाठी माफक किमतीचे ध्वनिक्षेपक कसे निवडावेत हे दुकानदाराला विचारावे, त्यासाठी सभा कशाला भरवावी, असे कोणी म्हटल्यास त्याला दोष देता येणार नाही. तथापि या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. घरातील वयस्क माणसे संध्याकाळी संचासमोर बसतात आणि चित्र पाहतात. पण बोलणे त्यांना नीट उमगत नाही. प्रथम ती शेजारी बसलेल्याला "काय म्हणाला तो?" असे विचारतात. मग आवाज वाढवायला सांगतात. आवाज वाढला की आतल्या खोलीतील मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येतो आणि कुरबुर सुरू होते. शेवटी ही माणसे विचारणे सोडून देतात आणि काही दिवसांनी त्या खोलीत येऊन बसणेही कमी करतात.

या साऱ्याला त्यांचे वय जबाबदार आहे, असे आपण गृहीत धरतो. वयाचा त्यात वाटा असतो हे खरे. परंतु बराच मोठा वाटा संचाच्या रचनेचा, खोलीचा आणि चुकीच्या खरेदीचाही असतो. हा दुसरा वाटा थोड्या खर्चात, कित्येकदा खर्चावाचूनही, दूर करता येतो. हेच आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे. म्हणून या व्याख्यानापुरती मी एकच कसोटी ठरवली आहे : खोलीतील ज्या व्यक्तीला सर्वांत कमी ऐकू येते, तिला बातम्या आणि संवाद बेताच्या आवाजात समजले पाहिजेत. संगीताची गोडी आणि चित्रपटातील गडगडाट यांचा विचार त्यानंतर करू.

संच पातळ झाला, त्याचे परिणाम

आपल्या देशात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसवण्यात आले. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले. त्या काळातील संच चित्रनलिकेचे होते. नलिका लांब असल्यामुळे पेटी खोल असे, आणि पडद्याच्या बाजूला अथवा खाली ध्वनिक्षेपकासाठी पुरेशी जागा राही. हा ध्वनिक्षेपक, ज्याला आपण रूढ भाषेत स्पीकर म्हणतो, पुष्कळदा प्रेक्षकांकडे तोंड करून बसवलेला असे. त्याचा आवाज फार उंची नव्हता. पण निवेदकाचे शब्द सरळ ऐकणाऱ्याच्या कानी पडत.

आजचा सपाट संच काही सेंटिमीटर जाडीचा असतो. पडद्याभोवतीची चौकटही बोटभर उरलेली नाही. समोरच्या बाजूस स्पीकरला जागाच राहिली नाही, तेव्हा बहुतेक संचांत तो खालच्या कडेला जमिनीकडे तोंड करून किंवा पाठीमागे भिंतीकडे तोंड करून बसवला जातो. शिवाय तो आकाराने लहान असतो. खालच्या सुरांसाठी अधिक हवा हलवावी लागते. सूर निम्म्या कंपनसंख्येवर आला तर तितकाच आवाज काढण्यासाठी पडद्याला चौपट अंतर पुढेमागे व्हावे लागते. लहानशा पातळ स्पीकरला हे झेपत नाही, म्हणून संचाचा आवाज पोकळ वाटतो. पण भरदारपणा गेला ही त्यातली लहान हानी आहे. मोठी हानी समजण्यासाठी ध्वनिलहरींचा एक गुणधर्म पाहिला पाहिजे.

साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. सेकंदाला १०० कंपने असलेल्या, म्हणजे १०० हर्ट्झच्या, ध्वनीची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. १,००० हर्ट्झची लहर ३४ सेंटिमीटर, तर ५,००० हर्ट्झची अवघी ७ सेंटिमीटर. लांब लहरी अडथळ्याला वळसा घालून पलीकडे जातात. आखूड लहरी जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात आणि वाटेत काही आले की अडतात किंवा परततात. याचा अर्थ असा की, भिंतीकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून आवाजाचा जाड भाग आपल्यापर्यंत सुखरूप येतो; बारीक भाग मात्र भिंतीवर, कपाटावर आणि फरशीवर आपटून विखुरतो.

ऐकू येते, पण समजत नाही

आता हा बारीक भाग म्हणजे काय ते पाहू. आपल्या बोलण्यात स्वरांचे बळ बहुतांशी खालच्या कंपनसंख्यांत असते. व्यंजनांची ओळख ज्यावरून पटते तो भाग मुख्यतः २,००० हर्ट्झच्या वर असतो. 'स' सारख्या घर्षक ध्वनीचे बळ तर ४,००० हर्ट्झच्याही पुढे असते. स्वर लांबतात आणि मोठे असतात, तर व्यंजने क्षणिक आणि दुबळी असतात. आणि अर्थ बहुधा व्यंजनांवर टांगलेला असतो. 'सात' आणि 'साठ', 'पळ' आणि 'फळ', 'तार' आणि 'ठार', 'साल', 'शाल' आणि 'चाल' या शब्दांत स्वर तेच आहेत. शब्द वेगळा ठरतो तो एका निमिषमात्र ध्वनीमुळे. अल्पप्राण आणि महाप्राण, दंत्य आणि मूर्धन्य असे भेद आपल्या देशातील अनेक भाषांत आहेत. तमिळमध्ये 'ल' च्या जातीचे तीन निरनिराळे वर्ण आहेत. बाजारभाव सांगणाऱ्या निवेदकाचा 'सात' 'साठ' असा ऐकू आला, तर केवढा घोटाळा होईल हे सांगावयास नको.

वय वाढते तसे कान प्रथम वरच्या कंपनसंख्यांना मंद होतात. म्हणजे कानाने जो भाग कमी केला, नेमका तोच भाग संचानेही कमी केलेला असतो. एकाच ठिकाणी दोनदा कात्री लागते. अशा वेळी आवाज वाढवला तर काय होते? व्यंजनांबरोबर स्वरही तितकेच वाढतात. शिवाय कानाचा स्वभाव असा आहे की, खालच्या सुरांचा मोठा आवाज वरच्या सुरांचा बारीक आवाज झाकून टाकतो. म्हणून आजोबांची तक्रार 'ऐकू येत नाही' अशी नसते. "ऐकू येते, पण समजत नाही," असे ते म्हणतात, आणि शास्त्राच्या दृष्टीने हे वर्णन अगदी काटेकोर आहे.

यावरून खरेदीविषयी पहिला निष्कर्ष निघतो. ज्याचा बारीक आवाज स्वच्छ आहे आणि जो ऐकणाऱ्याकडे तोंड करून, त्याच्या कानाच्या उंचीला ठेवता येतो, असा स्पीकर आपल्याला हवा. नुसता घुमणारा स्पीकर घेतला, तर दुखणे वाढण्याचीच शक्यता अधिक.

खोलीचा भाग

खरेदीकडे वळण्यापूर्वी खोलीकडे पाहू, कारण या बाबतीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा एक अनुभव फार उद्बोधक आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग कलासंग्रहालयाची इमारत उभी राहिली. तिच्यातील व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे श्रोत्यांना समजेना. वॉलेस क्लेमेंट सॅबाइन या भौतिकशास्त्राच्या तरुण अध्यापकाकडे हे काम सोपवण्यात आले. उच्चारलेला शब्द त्या सभागृहात सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, आणि तेवढ्या अवधीत वक्त्याचे पुढील कित्येक शब्द त्यात मिसळून जात. सॅबाइनने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणवून त्या सभागृहात मांडल्या, घुमण्याचा काळ मोजला, आणि पहाटेपूर्वी त्या परत नेल्या. अशा अनेक रात्रींच्या मोजमापांतून त्याने एक सोपा नियम काढला : खोलीचे घनफळ जितके मोठे तितका ध्वनी अधिक काळ घुमतो, आणि खोलीतील वस्तू जितका ध्वनी शोषून घेतात तितका तो काळ घटतो. शोषणाचे माप म्हणून त्याने उघडी खिडकी घेतली, कारण खिडकीतून बाहेर गेलेला ध्वनी परत येत नाही.

हा नियम आपल्या घरी लावून पाहता येतो. समजा, खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. तिचे घनफळ ३६ घनमीटर झाले. या घनफळाला ०.१६ ने गुणून येणाऱ्या संख्येस शोषणाच्या एकूण चौरस मीटरांनी भागले की घुमण्याचा काळ सेकंदांत मिळतो. गिलावा केलेल्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि बंद खिडक्या असलेल्या जवळजवळ रिकाम्या खोलीत शोषण सुमारे २ चौरस मीटर धरले, तर उत्तर जवळजवळ ३ सेकंद येते. तेथे बोलणे समजणे कठीणच. त्याच खोलीत जाड पडदे, सतरंजी, गादीचा पलंग, भरलेले पुस्तकांचे कपाट आणि तीन-चार माणसे आली, आणि शोषण १० चौरस मीटर झाले, तर हा काळ सेकंदाच्या सहा दशांशांवर येतो. बसलेला एक माणूससुद्धा जवळपास अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका ध्वनी शोषून घेतो.

आपल्याकडील नव्या घरांतून फरशी गुळगुळीत झाली, भिंतींना चकचकीत रंग आला, आणि जुन्या घरांतील गाद्या, तक्ते-लोड, गोधड्या, भिंतीवरची जाजमे गेली. घर दिसायला स्वच्छ झाले. ऐकण्याच्या दृष्टीने ते फॉग व्याख्यानगृहाच्या दिशेने सरकले. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी पुढील गोष्टी करून पाहाव्यात. संच शोकेसच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर आणावा किंवा कप्प्याच्या अगदी पुढच्या कडेला ठेवावा. संच आणि बैठक यांच्यामधील मोकळ्या फरशीवर सतरंजी अंथरावी. श्रोत्यांच्या मागच्या भिंतीवर जाड पडदा सोडावा किंवा तेथे पुस्तकांचे कपाट हलवावे. डोक्यावरचा पंखा खडखडत असेल तर तो दुरुस्त करून घ्यावा, कारण पंख्याचा आणि रस्त्याचा गोंगाट हासुद्धा शब्दांवर पांघरूण घालतो. उघडी खिडकी घुमणे कमी करते, पण रस्ता वाहता असेल तर गोंगाट आत आणते; तेथे तारतम्य पाहावे.

संचाच्या आवाजाच्या यादीतही फुकटचे उपाय असतात. संवाद किंवा वाणी अशा नावाची योजना असेल तर ती निवडावी; खर्ज कमी करून वरचे सूर थोडे वाढवावेत; रात्रीच्या वेळेसाठीची योजना असेल तर ती मोठ्या आणि लहान आवाजांतील अंतर कमी करते, म्हणून जाहिरात लागताच दचकून आवाज कमी करण्याची पाळी येत नाही. कित्येक घरांत एवढ्यानेच काम भागते.

वॅटचा हिशेब

एवढे करूनही भागले नाही, तर स्पीकर घ्यावेत. दुकानात पाऊल टाकताच आपल्यापुढे वॅटचे आकडे येतात. खोक्यावर शेकडो, क्वचित हजारो वॅट छापलेले असतात. पूर्वी पीएमपीओ नावाचे एक माप फार प्रचारात होते. ते कसे मोजावे याचा कोणताही सर्वमान्य दंडक नसल्यामुळे प्रत्येक उत्पादकाला हवा तो आकडा छापता येई. आरएमएस या नावाखाली दिलेला, सतत मिळणाऱ्या शक्तीचा आकडा त्या मानाने विश्वसनीय असतो. पण मुळात आपल्याला किती वॅट लागतात?

मध्यम प्रतीच्या घरगुती स्पीकरला एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर सुमारे ८५ ते ८८ डेसिबल इतका आवाज मिळतो. दोन माणसांचे नेहमीचे संभाषण एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असते. श्रोता तीन मीटर दूर असला तर मोकळ्या जागेत आवाज साडेनऊ डेसिबलने उतरतो. खोलीत त्याहूनही कमी उतरतो, कारण भिंती काही ध्वनी परत पाठवतात. हिशेब केला तर असे दिसते की, तीन मीटरवरील माणसाला ६५ डेसिबलने बातम्या ऐकवण्यासाठी एका वॅटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी शक्ती पुरते. संगीतातील किंवा चित्रपटातील क्षणिक उसळींसाठी काही वॅट हाताशी असावेत. प्रत्येक स्पीकरमागे प्रामाणिक १५ ते २० वॅट असले की सामान्य घराची गरज भागून वर शिल्लक राहते.

वॅट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. आवाज दुप्पट झाला असे कानाला वाटण्यासाठी साधारण दहापट वॅट लागतात. उलट स्पीकर आणि श्रोता यांच्यातील अंतर निम्मे केले, तर थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे अंतर निम्मे करणे हे वॅट चौपट करण्यासारखे आहे. शिवाय जवळच्या स्पीकरचा थेट आवाज वाढतो, खोलीचे घुमणे मात्र वाढत नाही. म्हणून शब्द अधिक स्वच्छ होतात. चार मीटर लांबीची साधी तार पुष्कळदा महागड्या यंत्राचे काम करते, ते यामुळे.

कोणते साधन घ्यावे

बाजारात आज जी साधने मिळतात त्यांचे पाच वर्ग पाडता येतील.

पहिला वर्ग आतच अॅम्प्लिफायर बसवलेल्या दोन स्पीकरांच्या जोडीचा. संगणकासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्यापैकी जोड्या याच वर्गातल्या. लहान खोलीसाठी आणि माफक खर्चासाठी माझ्या मते हा पहिला पर्याय होय. दोन्ही स्पीकर संचाच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, किंचित आत वळवून ठेवता येतात. निवेदकाचा आवाज दोन्हींतून समान येत असल्यामुळे तो पडद्याच्या मध्यातून आल्यासारखा वाटतो. अगदी स्वस्त, हलक्या प्लॅस्टिकच्या जोड्या टाळाव्यात. मध्यम आवाजालाच त्यांची पेटी थरथरू लागते.

दुसरा वर्ग साउंडबारचा, म्हणजे संचाखाली ठेवावयाच्या लांबट पट्टीचा. जागा थोडी लागते आणि जोडणी सोपी असते. साउंडबार घेताना त्यात मधला, केवळ संवादांसाठी असलेला, स्वतंत्र मार्ग आहे का आणि त्याचा आवाज वेगळा वाढवता येतो का, हे विचारावे. ही सोय असेल तर वयस्कांच्या दृष्टीने साउंडबार मोलाचा आहे. ती नसेल आणि पट्टी फारच आखूड असेल, तर संचाच्या स्पीकरपेक्षा ती किती बरी आहे हे ऐकूनच ठरवावे. पट्टीचे स्पीकर समोर तोंड केलेले असावेत.

तिसरा वर्ग जुन्या स्टिरिओचा. अनेक घरांत कॅसेटच्या किंवा सीडीच्या काळातील अॅम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतील दोन स्पीकर माळ्यावर पडून असतात. त्यांचा कागदी पडदा आणि त्याच्या कडेचे फोम अथवा रबर शाबूत असेल, तर थोड्या डागडुजीत ही जोडी आजच्या पुष्कळ नव्या स्वस्त यंत्रांना मागे टाकते. कड झिजली असेल तर अनेक शहरांतील दुरुस्तीचे कारागीर ती बदलून देतात. स्पीकरचे मूलतत्त्व १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी मांडले, त्यानंतर फारसे बदललेले नाही. म्हणूनच जुना चांगला स्पीकर कालबाह्य होत नाही.

चौथा वर्ग 'होम थिएटर' या नावाने एकाच खोक्यात मिळणाऱ्या पाच लहान स्पीकरांचा आणि एका सबवूफरचा. तत्त्वतः ही रचना उत्तम आहे. परंतु ठरावीक रक्कम दोन स्पीकरांवर खर्चण्याऐवजी सहांवर वाटली गेली, तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार? शिवाय मागचे स्पीकर योग्य जागी बसवण्यास आपल्या घरांत भिंतच मोकळी नसते. सबवूफरविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. त्याचा खर्ज वाढवून ठेवला तर तो शब्दांना झाकतो, हे आपण पाहिलेच. आणि लांब लहरी भिंती ओलांडून शेजाऱ्याच्या घरात जातात. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नियमापेक्षाही शेजारधर्म मोठा आहे.

पाचव्या वर्गाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि आपल्या कसोटीवर तोच सर्वांत खरा उतरतो. ज्या व्यक्तीला कमी ऐकू येते तिच्या खुर्चीपाशी, हातभर अंतरावर, एक लहान स्पीकर तारेने आणून ठेवावा आणि त्याच्या आवाजाची कळ तिच्याच हाताशी असावी. इतरांसाठी मुख्य स्पीकर बेताच्या आवाजात चालू राहतात; जवळचा स्पीकर तिच्यापुरते शब्द स्पष्ट करतो. दोन ठिकाणांहून आवाज आल्याने प्रतिध्वनी वाटेल, अशी शंका येईल. पण दोन्ही स्पीकर तारेनेच जोडलेले असले, तर तीन मीटरवरून येणारा आवाज सुमारे ९ सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. एवढ्या अल्प अंतराने आलेले दोन आवाज कान एकत्र करून एकच ऐकतो, हे हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून सुप्रसिद्ध आहे. मात्र खरेदीपूर्वी एक गोष्ट तपासावी : काही संचांत हेडफोनची खोबण वापरताच संचाचे स्वतःचे स्पीकर बंद होतात, काहींत दोन्ही एकदम चालू ठेवण्याची सोय असते. हेडफोनचा पर्यायही आहे. पण तो लावलेला माणूस घरातील संभाषणातून तुटतो, आणि आपल्याला तर त्याला त्यात परत आणावयाचे आहे.

जोडणीची वाट

नव्या संचांना आवाज बाहेर काढण्याच्या साधारणपणे चार वाटा असतात. खरेदीला जाण्याआधी संचाच्या पाठीमागे पाहून कोणत्या वाटा आहेत याची कागदावर नोंद करावी.

एचडीएमआयच्या खोबणीवर 'एआरसी' ही अक्षरे असतील, तर २००९ साली आलेली ती सोय आहे. एकाच तारेने आवाज साउंडबारकडे जातो आणि बहुधा संचाच्या रिमोटनेच तो कमीजास्त करता येतो. वयस्कांना दोन रिमोट सांभाळावे लागत नाहीत, हा लाभ लहान नाही. दुसरी वाट प्रकाशतंतूची, म्हणजे ऑप्टिकल. ती १९८३ पासून प्रचारात आहे आणि आजही उपयुक्त आहे. साध्या दोन स्पीकरांच्या यंत्रास या वाटेने जोडताना संचाच्या यादीत आवाजाचा प्रकार 'पीसीएम' असा ठेवावा. तसे न केल्यास संच पाच स्पीकरांसाठी बांधलेला आवाज पाठवतो, यंत्राला तो उलगडत नाही, आणि काहीच ऐकू न आल्याने यंत्र बिघडले असे वाटते. तिसरी वाट हेडफोनच्या खोबणीची; जुन्या स्टिरिओसाठी ही सर्वांत सोपी.

चौथी वाट बिनतारी, ब्लूटूथची. तार नको म्हणून पुष्कळजण हीच निवडतात. तिच्यात आवाज बांधून पाठवण्यात आणि पुन्हा उलगडण्यात वेळ जातो. साध्या पद्धतीत हा विलंब सेकंदाच्या एक-दोन दशांशांपर्यंत जाऊ शकतो. आवाज चित्रापेक्षा सुमारे १२५ सहस्रांश सेकंद मागे पडला की प्रेक्षकांच्या ते लक्षात येऊ लागते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत नमूद आहे. कमी ऐकू येणारी माणसे नकळत बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून अर्थ लावीत असतात. ओठ आणि शब्द यांची फारकत झाली, तर त्यांचा हा आधारही जातो. म्हणून जेथे तार नेता येते तेथे तारच न्यावी.

दुकानातील परीक्षा

निवड करताना कानावर विश्वास ठेवावा, पण कानालाही फसवता येते. दोन यंत्रांपैकी ज्याचा आवाज किंचित मोठा, ते बहुधा सरस वाटते. यास्तव तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. गडगडाटी चित्रपटाचा किंवा झगमगीत गाण्याचा तुकडा दुकानदार लावील. तो नम्रपणे बंद करण्यास सांगून बातम्या लावण्यास सांगावे. एक स्त्रीचा आणि एक पुरुषाचा आवाज ऐकावा, तोही कमी पातळीवर. डोळे मिटून शब्द स्पष्ट कळतात का ते पाहावे. पुरुषाचा आवाज पिंपातून आल्यासारखा आणि 'स' शिट्टीसारखा वाटला, तर ते यंत्र सोडावे.

यापेक्षा चांगली परीक्षा घरी होते. शक्य असल्यास परत करण्याच्या अटीवर यंत्र घरी आणावे. मघाशी सांगितलेल्या शब्दांसारखे वीस शब्द कोणीतरी मोबाइल फोनवर ध्वनिमुद्रित करून ते संचातून वाजवावेत. ज्यांच्यासाठी खटाटोप चालला आहे त्या आजी-आजोबांनी नेहमीच्या जागी बसून, पंखा नेहमीसारखा चालू ठेवून, ऐकलेला शब्द उच्चारावा. वीसपैकी किती बरोबर आले ते मोजावे. प्रथम संचाच्या स्वतःच्या आवाजावर, मग नव्या यंत्रावर, मग यंत्राची जागा बदलून. आकडा वाढला तर खर्च सार्थकी लागला. न वाढला, तर खोक्यावर काहीही छापलेले असो, यंत्र परत करावे.

खर्चाची मर्यादा काय असावी, हा प्रश्न नेहमी येतो. नियम सांगता येत नाही. पण मूळ संचाच्या किमतीच्या एक-पंचमांशाहून अधिक रक्कम पहिल्या खरेदीत घालू नये, असे मी सुचवीन. जोडयंत्राच्या वीजपुरवठ्याच्या अॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह पाहावे आणि पावती जपून ठेवावी. संच मोठ्या आकाराचा घेण्याचा विचार असेल, तर आकार एक पायरी कमी करून वाचलेले पैसे आवाजासाठी ठेवणे अधिक शहाणपणाचे होईल.

मित्रहो, सारांशाने क्रम असा राहील. प्रथम संचाची योजना आणि जागा. मग सतरंजी, पडदे आणि गोंगाट. मग ऐकणाऱ्याकडे तोंड केलेले दोन प्रामाणिक स्पीकर. आणि गरज भासल्यास एक लहान स्पीकर खुर्चीपाशी. सबवूफर आणि इतर थाट त्यानंतर, हौस आणि ऐपत असेल तर. हे सर्व करूनही वीसपैकी बरेच शब्द चुकत असतील, तर मात्र यंत्रे बदलत बसू नये. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवणशक्तीची तपासणी करून घ्यावी. ऐकू कमी येण्यात लाज वाटण्याजोगे काहीही नाही. कधी कधी कानातील मळ काढल्यानेही पुष्कळ फरक पडतो, आणि श्रवणयंत्राची गरज असेल तर ते जितके लवकर लावले तितकी त्याची सवय सुलभ होते. उलट बाजूनेही सांगितले पाहिजे की, तरुणांनी आपले कान जपावेत. प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचवली आहे. हेडफोन लावून ती ओलांडणे फार सोपे असते.

आज घरी गेल्यावर आपण एवढेच करावे : संचाच्या कडेखाली हात घालून त्याच्या स्पीकरचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते चाचपावे, आणि मग घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला, काल रात्रीच्या बातम्यांतील किती भाग कळला, असे आपुलकीने विचारावे. पुढे काय करावयाचे ते त्या उत्तरावरून ठरेल.

कोणाला काही शंका असल्यास त्या आता विचाराव्यात. विशेषतः मागच्या रांगेत बसलेल्यांनी, कारण माझे बोलणे तेथपर्यंत कितपत पोहोचले हे मला त्यांच्याकडूनच कळेल.